पिवळं विमान आणि आसगावचा तलाव

बायपासनंतर सात महिन्यांनी डॉक्टरांनी बाबांना प्रवासाची परवानगी दिली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ते म्हणाले, "आसगावले जाऊ. विमान घेऊन."

विमान म्हणजे शेतावर औषध फवारणाऱ्या विमानाची रिमोटवर उडणारी प्रतिकृती. तरुणपणी बाबा अशा विमानांचे मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी ती बनवायला घेतली आणि सांगाडा तयार होतो न होतो तोच ऑपरेशन झालं. हात थरथरायला लागले, बोलणंही आटलं. मग ते शेजारी बसून सांगायचे आणि मी बाल्साच्या हलक्या लाकडी पट्ट्या चिकटवायची. त्यावर प्लास्टिकची पिवळी फिल्म घरच्या इस्त्रीनं बसवली. फवारणीसाठी गाडीची काच धुणारा छोटा पंप लावला, तोट्या पेनाच्या रिफिलच्या टोकांच्या. त्या टेबलापाशी बाबा बोलायचे, एरवी नाही. म्हणून हे विमान पडू नये एवढीच माझी इच्छा होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळच्या गाडीनं नागपूरहून निघालो. पंख चादरीत गुंडाळले होते. शेपूट सोडवून वेगळी पिशवीत घेतली होती, कारण एरवी विमान बाकाखाली मावत नव्हतं. तासाभरात वरठी. भंडारा रोड स्टेशन तेच, नावावरून गोंधळू नका. बाहेर कारखान्याच्या पाळीला निघालेल्या मोटरसायकलींची गर्दी होती. तिथून पुढे भाड्याची गाडी ठरवून घ्या. सामान असेल तर बसच्या भानगडीत पडू नका. अड्याळला थांबून तर्री-पोहे खाल्ले. बाबांनी तर्री मागितली, मी नको म्हटलं, त्यांनी माझ्या ताटलीतली घेतली.

आसगावात बाबांचे बालमित्र शालिककाका वाट पाहत होते. धानकापणी झाली होती, पण धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य उगवून आलेलं, त्यामुळे शेतात पाय ठेवणं शक्य नव्हतं. तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, पडीक जागा होती. (कुणाला असं काही उडवायचं असेल तर आधी सरकारच्या ड्रोन नकाशावर परवानगी पाहा, पोलीस पाटलांना सांगा आणि विजेच्या तारा शोधून ठेवा. आम्ही तिन्ही केलं.)

"उडते का खरंच?" शालिककाकांनी विचारलं.

"काहून नाही उडणार? पोरीनं बनवलं," बाबा म्हणाले. "मी निस्तं सांगून राहिलो होतो."

मी शेपूट जोडली. पंधरावीस माणसं जमली होती, माझे हात घाईत होते.

"शेपटीचा स्क्रू पाहिला का?" बाबांनी विचारलं.

"पाहिला," मी म्हटलं. पाहिला नव्हता.

विमान सुरेख उठलं. पाळीला वळसा घालून ते खाली आलं, मी पंपाचं बटण दाबलं आणि पाण्याची पांढरी रेघ मोकळ्या जागेवर पसरली. बाबा टाळ्या वाजवत होते. टाकी रिकामी होईपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वळणावर शेपूट ऐकेना. मी रिमोटची काडी ओढत राहिले, विमान नाक खाली करून तलावाच्या मध्यावर आपटलं.

आणि बाबा पळत सुटले.

विमान गेलं ते गेलं, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मी ओरडले, तोवर शालिककाकांनी पाण्याच्या काठावर त्यांना धरलं. "कायले पळून राहिला? बस इथं!" बाबा धापा टाकत पाळीवर बसले. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी जोरात होती, पण ठोका चुकत नव्हता. छातीत दुखत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांचा श्वास शांत झाला, तेव्हा कुठे माझाही झाला.

तलावात जाळं टाकायला आलेले रामदासभाऊ आपला डोंगा वल्हवत विमानाकडे गेले. एका हातानं ते उचलून काठावर आणलं. "बुडलं नाही बाई. पोट रिकामं हाये त्याचं, म्हणून तरंगून राहिलं."

उजवा पंख मोडला होता. शेपूट वळवणाऱ्या सळीचं टोक सुटून लोंबत होतं, स्क्रू गायब.

"बाबा, मी पाहिला नव्हता," मी म्हटलं. "खोटं बोलले."

बाबांनी ती सळी बोटानं हलवून पाहिली. मग म्हणाले, "नोकरीत असताना एकदा वऱ्हाडात कापसावर फवारणी चालू होती. मी तेलाच्या टाकीचं झाकण घट्ट केलंच नाही, आणि पायलटले सांगितलं, केलं. त्यानं काचेवर तेल घेऊन कसंबसं विमान उतरवलं. झाकण पाहिलं, मले पाहिलं. मग म्हणाला, उद्यापासून दोघंही तपासू. त्यानं वरती कळवलं नाही. मीही आजवर कोणालेच सांगितलं नाही."

"मलेही नाही?" शालिककाका म्हणाले.

"तुले तर बिलकुल नाही. तू गावभर केलं असतं."

तिघंही हसलो. बाबांना असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

शालिककाकांच्या घरी काकूंनी भात, लाखोरीची डाळ आणि रामदासभाऊंनी दिलेल्या मासोळ्यांचा रस्सा वाढला. बाबा जेवून अंगणातल्या खाटेवर निवांत झोपले. संध्याकाळी परतीच्या गाडीत मोडका पंख मांडीवर घेऊन ते नागपूरपर्यंत बोलत होते.

सोमवारी सकाळी उठले तर बाबा टेबलापाशी. नवी पट्टी कापून झाली होती, कड थोडी वाकडी. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे. तू ऑफिसले जा."

सात महिने मी ऑफिसमधून दर दोन तासांनी घरी फोन करायची. त्या दिवशी पाच वाजता पर्स आवरताना लक्षात आलं, एकदाही केला नव्हता.