तीस फ्रेमचा ठराव

आपण मेलोय हे तुम्हाला किती उशिरा कळतं? खेळातल्या मरणाबद्दल विचारतेय. मला सेकंदभर उशिरा कळायचं. माझ्या पडद्यावर मी अजून भिंतीच्या आडून धावत असायचे, आणि हेडफोनमध्ये आमचा कॅप्टन सांगत असायचा, "अगं तू गेलीस. कवाच गेलीस." मग चित्र एक गचका खायचं आणि मी जमिनीवर आडवी.

आमचा कॉम्प्युटर खेळासाठी घेतलेला नव्हताच. तो बाबांनी पत्रकं टाइप करायला घेतला होता. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला आहेत आणि तिथल्या युनियनचं लिखाणाचं सगळं काम त्यांच्याकडे असतं. नवीन पनवेलमधल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवर अंथरायला वर्तमानपत्र कधी लागलं नाही, छपाई बिघडलेली पत्रकं पुरायची. अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकले. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे अनुस्वारांसकट मला शाळेत जायच्या आधी वाचता यायचं.

पत्रकं टाइप करायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आमच्यात ते नव्हतं. प्रोसेसरच्या पोटातच जी काय चित्र काढायची सोय असते तेवढीच, आणि तीही मुख्य मेमरीतून उसनवारी करून चालणारी. चांगल्या कॉम्प्युटरवर सेकंदाला शंभरावर फ्रेम, म्हणजे शंभरावर चित्रं, उमटतात. माझ्याकडे सगळं बंद केलं तर तीस. सावल्या बंद, गवत बंद, पाण्यातलं प्रतिबिंब बंद, माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं आणि त्यावर टेबलफॅनचा झोत, त्यामुळे घरातली माणसं घामाने भिजलेली. एवढं करूनही कोणी धुराचा गोळा फेकला की तिसाचे बारा व्हायचे.

आमची पाचजणांची टीम होती. कॅप्टन शेजारच्या विचुंबे गावचा. त्याच्या घरच्यांनी शेताच्या जागी इमारत उभी केली होती आणि त्यातल्या एका मजल्यावर ते राहत होते. खांदा कॉलनीतले दोन सख्खे भाऊ होते, माझ्या वर्गातली एक मुलगी होती, आणि मी. गंमत अशी की आमच्या टीमने धूर वापरणंच सोडून दिलं होतं. समोरचे खुशाल धुरात लपून यायचे आणि आम्ही उघड्यावर मार खायचो. का, तर माझा पडदा अडकतो. याबद्दल कोणी कधी एक शब्द बोललं नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा लक्षात आलं.

दर रविवारी दुपारी जेवण झालं की आम्ही जमायचो. चौघं मैदानात उतरलेली असायची आणि माझ्याकडे अजून ती हिरवी पट्टी सरकत असायची.

"पुढारीनबाई, हायस का?" कॅप्टन विचारायचा.

"येतेय. लोड होतंय."

"या या. आमी तवर शत्रूला च्या पाजतो."

गेल्या वर्षी आमच्या सेक्टरमधल्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली. खेळ घरूनच खेळायचा, फक्त अंतिम सामना मंडळाच्या हॉलमध्ये, पडदा लावून. कॅप्टनला त्या हॉलपर्यंत जायचं होतं. आम्ही आधी तीन स्पर्धा खेळलो होतो आणि तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर पडलो होतो. पुढच्या महिन्यापासून तो तळोज्यात कामाला लागणार होता. दर आठवड्याला पाळी बदलणार, रविवारची सुट्टी मिळेलच असं नाही. "येकदा त्या हॉलात बसायचंय," तो म्हणाला होता. "घरची मान्सं समोर बसवून. त्यांना वाटतं मी बटनं दाबतो नुसता."

मग त्याने मला वेगळा फोन केला. "दादाचा पीसी पडूनच हाय. दादा दिवसभर साइटवर असतो. तू मॅचच्या दिशी हिकडंच ये ना. आई जेवायला घालल, खेल नि जा."

मी नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं. मी त्याला ऐकवलं की एकाला दया दाखवून अन्याय संपत नसतो, ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी यंत्रवाल्यांच्या घरी जाऊन खेळायचं ही कुठली समता? तो म्हणाला, "बरं. जेवायला तरी ये कवातरी."

त्या दुपारी मी बाबांच्या कॉम्प्युटरवर, बाबांच्याच फॉन्टमध्ये, एक पत्रक लिहिलं. पानभर. वर्षागणिक खेळ जड होत जातात, काल चालणारा कॉम्प्युटर आज भंगार ठरतो आणि जो मागे पडतो त्याला वाटतं आपलाच हात मंद आहे, असं त्यात होतं. ते मला आजही खरं वाटतं. शेवटी मागणी: स्पर्धेतल्या सगळ्यांनी आपापल्या सेटिंगमध्ये तीस फ्रेमची मर्यादा घालून खेळावं. मंडळाने त्यावर हसणारे दोन चेहरे पाठवले. मी पेटले. आमच्या ग्रुपवर लिहिलं की मग सुरुवात आपल्यापासून करू, आपण पाचही जण तीसवर खेळू, एकजूट म्हणून. खाली लिहिलं, 'कोणाचा विरोध असल्यास कळवावे.'

कोणी कळवलं नाही. चार अंगठे आले, पहिला कॅप्टनचा. मी लिहिलं: ठराव एकमताने मंजूर.

आता हे लिहिताना मलाच थकवा येतो. ते चौघं तीसवर खेळल्याने माझ्या कॉम्प्युटरची एक फ्रेम वाढणार नव्हती. माझं काहीही सुधारणार नव्हतं. फक्त त्यांचं बिघडणार होतं. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पण मला त्या वेळी ते फार सुंदर वाटलं होतं, पाचजण एका रांगेत, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

पहिली फेरी आम्ही कशीबशी जिंकलो. समोरची टीम आमच्याहून कच्ची होती, एवढंच. दुसरी जिंकली की हॉल. त्या सामन्यात मध्यंतराला आम्ही एका गुणाने मागे होतो. कॅप्टन लांबून नेम धरणारा, आमची सगळी भिस्त त्याच्यावर, आणि त्याचे नेम चुकत होते. त्याचा नेम चुकताना आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

खांदा कॉलनीतला धाकटा म्हणाला, "लिमिट काढूया का? अर्ध्या मॅचपुरतं?"

"ठराव झालाय आपला," मी म्हणाले.

हेडफोनमध्ये कुणाच्या तरी घरचा कुकर शिटी देत होता.

मग कॅप्टन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ठरलंय ना, मंग ठरलंय."

शेवटच्या डावात गुण सारखे होते आणि तो एकटा उरला होता. समोरचाही एकटाच होता. मी मेलेली असल्यामुळे माझ्या पडद्यावर त्याचाच खेळ दिसत होता, मी त्याच्याच डोळ्यांनी पाहत होते. समोरचा दारातून बाहेर आला, याने बंदूक फिरवली आणि चित्र किंचित मागे राहिलं. मला तो गचका माझ्या हातासारखा ओळखीचा होता. त्याला तो नवा होता.

"झालं," तो म्हणाला. "चला, जेवून घ्या कोन ऱ्हायलं आसल तर." आणि लाइन सोडून गेला.

मी बाबांना सांगितलं. खरं तर मला शाबासकी हवी होती, हरलो पण तत्त्व सोडलं नाही वगैरे. बाबा प्रूफ तपासत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मतदान गुप्त होतं का?"

"ग्रुपवर घेतलं. सगळ्यांनी अंगठा दिला."

"सगळ्यांसमोर कोण नाही म्हणणार गं?" ते म्हणाले. "आम्ही संपाआधी एकेकाच्या घरी जातो. बायको पाणी घेऊन येते तेवढ्यात माणसाच्या चेहऱ्यावर खरं काय ते दिसतं. तू कोणाच्या घरी गेलीस?"

मी कोणाच्याही घरी गेले नव्हते. एकाने तर बोलावलंही होतं.

दोनेक महिन्यांनी विचुंब्याला गेले. कॅप्टनची सकाळची पाळी संपलेली, डोळे लाल, अंगाला कारखान्याचा तो आंबट वास. माझ्या बाबांच्या अंगाला येतो तोच. त्याची आई ताट वाढायला आत गेली तेव्हा मी विचारलं, "तुला तीसवर खेळायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच," तो म्हणाला. "कोनालाच नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू येवढं पानभर लिवलं व्हतंस. त्यात तू चुकीचं काय पन बोलली नव्हतीस. तुला नाय कसं म्हनायचं?" मग जांभई देत म्हणाला, "जेव तू. मी बसल्या बसल्या झोपंन आता."

तो खरंच झोपला, भिंतीला टेकून. त्यानंतर तो आमच्याबरोबर खेळलेला नाही. सुट्टी मिळते त्या दिवशी तो झोपतो.

मी अजूनही त्याच कॉम्प्युटरवर खेळते आणि अजूनही पत्रकं लिहिते. यंत्रांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती वाचून बाजूला ठेवू नका. तुम्हीही कुठल्या तरी ग्रुपवर, सोसायटीत, टीममध्ये सगळ्यांच्या वतीने काहीतरी मंजूर करून घेतलं असेल. त्यातला जो सगळ्यात लवकर 'हो' म्हणाला, त्याला या आठवड्यात एकटं गाठा. शक्यतो त्याच्या घरी जा. विचारा, 'तुला खरंच चालणार आहे का?' आणि तो 'नाही' म्हणाला, तर ठराव मागे घ्या. त्याच्या हातून सामना जायच्या आत.