दारातल्या मोरीचा पाईप

त्या दिवशी रस्त्याखालनं पाणी जायच्या मोरीपाशी मी हुते, माझी धाकटी जाऊ शांता हुती, पलीकडचा महादू हुता, आन मोरीत पाईप टाकाय जेसीबी घेऊन आलेला एक माणूस. इस्लामपूरकडचा हाय म्हणाला. नाव कुणीच इचारलं न्हाई.

त्यो सारखा रुमालानं बूट पुसायचा. काळा, पातळ प्लॅस्टिकचा पाईप एकट्यानंच खांद्यावर घेऊन आला. आमचं घर रस्त्याच्या खाली, खोलात. मी म्हणलं, "बाबा, हितनं उसाच्या जोडट्रॉल्या जात्यात. सिमेंटचा पाईप टाक."

"आजी, पाणी काय इचारतंय व्हय, पाईप कशाचा हाय?"

"पाणी न्हाई इचारत, ट्रॉली इचारती," महादू म्हणाला.

"बरं, चा टाका. पिऊन बोलू."

दारात आलेल्याला चा न्हाई म्हणायची आमच्यात रीत न्हाई. महादू दूध आणाय गेला, आमी दोघी आत गेलो. भायेर आलो तर पाईप गाडलेला, वर वीतभर मुरूम. त्यानं बशीत वतून निवांत चा प्याला, कप इसळून पालथा ठेवला. म्हणाला, "आता उकरायचं काय न्हाई, आजी."

ऊसतोड चालू झाली आन ट्रॉलीखाली पाईप भाकरीगत चपटा झाला. पुढच्या पावसात पाणी घरात शिरलं, मागची भिंत शांताच्या पायावर पडली. ती अजून काठी धरून चालती. त्यानं आपल्या बुटाला चिखल लागू दिला न्हाई, आन आमच्या चुलीत चिखल घातला.

वाचणाऱ्यांनी एवढं करा. तुमच्या दारात पाईप आला तर आदी त्यो कशाचा हाय ते बघा, आन पुरून हुईपतूर तिथनं हलू नका. चा मागनं द्या.