खालांच्या बाहुलीचं डोकं

माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलांना धीराचे धडे द्यायचे आणि स्वतः मात्र ओल्या रंगावरच दुसरा रंग मारायचे. निवृत्तीनंतर येडशीच्या घरात विजेची छोटी भट्टी बसवली, चिनीमातीच्या बाहुल्या करायला घेतल्या आणि त्या मातीनं माझी चांगलीच जिरवली.

एक दिवस शेजारच्या खालांनी पिशवीतून बाहुलीचं कापडी धड काढलं. डोकं नाही, हात नाहीत. साठेक वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीची, आपांची, ही बाहुली खालांनी फोडली, असं त्यांच्या घरात ठरलेलं. फोडल्याचं खालांना आठवत नव्हतं, आईचा मार मात्र चांगला आठवत होता.

"आपा हर लग्नात चारचौघांत सांगती, हिनं माझी बाहुली फोडली. म्हैन्याभरानं शुक्रवारी हैदराबादहून यायलीय. तिच्या हातात आख्खी बाहुली ठिवायची हाय, बाई. एकदाचं तोंड बंद व्हऊ द्या तिचं."

मी लगेच हो म्हणून बसले.

पहिलं डोकं साच्यातून काढलं आणि लवकर वाळावं म्हणून गच्चीवर ठेवलं. ऊन-वाऱ्यानं कानामागून मानेपर्यंत भेग. दुसऱ्याचं तेच. तिसरं हातांसकट कसंबसं भट्टीत गेलं, पण मला राहवेना. गार व्हायच्या आधीच झाकण किलकिलं करून पाहिलं. आतून टिंग असा बारीक आवाज आला आणि माझं धाबं दणाणलं. डोकं तडकलं होतं. हात तर असे वाकले होते, की बाहुली एसटीला थांबवतेय असं वाटावं.

तुकडे बघून खाला पोट धरधरून हसल्या.

"बाई, पापड केले न्हाईत का कधी? वल्ला पापड एकदम उनात टाकला की वाकडा व्हतोय. आदी सावलीत ठिवायचा. दोन्ही अंगं संगंच वाळली पायजेत."

आयुष्यभर उन्हाळ्यात वाळवणं केलेली मी, मला हे सुचू नये! लाज वाटली आणि हसूही आलं.

चौथ्या वेळी मातीचा थर सगळीकडे सारखा घेतला. डोकं आणि हात घरात, टोपलीखाली ओलसर फडक्यात ठेवले. खाला सकाळ-संध्याकाळ येऊन ते अलगद फिरवून ठेवायच्या, जणू पाळण्यातलं लेकरू. भाजताना ही माती मऊ पडते, म्हणून भट्टीत हातांना आगीत न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडीचं अंथरूण केलं. उरलीसुरली ओल निघून जावी म्हणून आच अगदी हळूहळू वाढवली.

भट्टी बंद केली आणि खालांनी तिच्यासमोर खुर्ची टाकली. हातात जपाची तसबीह, नजर माझ्यावर.

"झाकणाला हात लावला तर माज्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा हजर. भट्टीला तळहात लावून बघायच्या आणि मान हलवायच्या, "आजून न्हाय." दुपारी एकदाची परवानगी मिळाली. मी डोकं बाहेर काढलं, टिचकी मारली. स्वच्छ, खणखणीत आवाज! भेग नाही, हात सरळ. मी खालांना मिठीच मारली. मग डोळे, ओठ रंगवून त्याची एक हलकी भाजणी केली आणि सगळं धडाला शिवलं.

ठरल्या शुक्रवारी आपा आल्या. खालांनी मलाही बोलावलं होतं, बहुतेक साक्षीदार म्हणून. खालांनी बाहुली त्यांच्या मांडीवर ठेवली. आपा तिच्या गालावरून बोट फिरवत राहिल्या, डोळे भरून आले. मग एकदम खुदकन हसल्या.

"मुंडी मैंच फोडी थी गे. डर के मारे अम्मीकू तेरा नाम बोली."

खालांचा चहाचा कप हातातच राहिला. मला वाटलं, आता भडका उडणार. खालांनी कप खाली ठेवला, आपांच्या मांडीवरून बाहुली अलगद उचलली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"ऐकलं न्हवं, बाई? मार म्या खाल्ला. मग बाहुली बी माजीच."