गफूर शिपायाबद्दल मी जे लिहिलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांनी माझं पुस्तक छापलं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण ते पुस्तक वाचून तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल — आणि ते पाणी मी खोटं बोलून काढलंय.

खून? तो मी कधीच लपवला नाही. शिरड शहापूरच्या शिवारात धुऱ्यावरून, बांधाच्या हद्दीवरून भांडण झालं, मी चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, तो जागीच गेला. कोर्टात विचारलं, मी हो म्हणालो. जन्मठेप झाली, ती भोगली. मग एवढं कबूल करणाऱ्याला ही एवढीशी गोष्ट का सांगवली नाही? सांगतो. आज माघार नाही.

आत गेलो तेव्हा मला सहीपुरतं येत होतं. लिहायला-वाचायला तुरुंगातच शिकलो, मग लिहीतच सुटलो. पुढे आणीबाणीत पकडलेली मंडळी आली — प्राध्यापक, वकील, संपादक. त्यांच्या बराकीची झाडलोट माझ्याकडे होती. मी लिहितो हे कळल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, 'तुम्ही' म्हणायला लागले. मला! जन्मात कुणी अहोजाहो केलं नव्हतं हो. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, दुसरं काय.

एका दुपारी त्यांना माझी पहिली गोष्ट वाचून दाखवत होतो. गोष्ट माझ्या मायवर होती. वाचन रंगलं होतं, आणि पहाऱ्यावरचा गफूर शिपाई हळूच माझ्या कानाशी लागला — "तेरी माँ आई है रे. चल, मुलाखतीला."

मी हातानंच थांब म्हणालो. वाचत राहिलो. वकीलसाहेब डोळे पुसत होते; अशा वेळी उठायचं कसं? थोड्या वेळानं गफूर परत आला. टाइम संपत आलाय म्हणाला, म्हातारी कधीची बसलीय म्हणाला. मी पुटपुटलो — येत नाही म्हणून सांग.

माय एसटीनं हिंगोलीला, तिथून रेल्वेनं, पूर्णेला गाडी बदलून आली होती. वर्षातून एखाद्याच वेळी तिला ते जमायचं. ती फाटकाशी बसून राहिली, आणि मी आत तिच्याच गोष्टीवर वाहवा घेत राहिलो.

ती मंडळी सुटली आणि त्यांनीच माझं पुस्तक काढलं. त्यात मी लिहिलं की गफूर शिपायानं मायला फाटकावरून हाकललं, तिचं भाकरीचं गाठोडं पायानं उडवलं, मला कळवलंसुद्धा नाही. नावानिशी लिहिलं. काहून लिहिलं असं? खरं लिहिलं असतं, तर मी तुम्हाला आवडलो असतो का?

शिक्षा संपवून गावी आलो. शाळेत जाणारी पुतणी मायला पुस्तक वाचून दाखवायला बसली. ते प्रकरण आलं तसं मायनं तिला थांबवलं.

"न्हाई रं बापू. त्या गफूरभाईनं तर मला पाणी पाजलं. टेसनापर्यंत टांगा करून देला. तुला ताप आला, दवाखान्यात टाकलं म्हणला."

माझं न येणं त्या माणसानं असं झाकलं होतं, आणि मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. मायला सांगायची हीच वेळ होती — नाही सांगितलं. चुकून दुसऱ्या शिपायाच्या जागी त्याचं नाव पडलं असेल, असं काहीतरी बोललो.

"मग काढ ते नाव," माय म्हणाली. "लेकराबाळाचा माणूस हाय त्यो."

व्हय म्हणालो. काढलं नाही. कसं काढणार? त्याच प्रकरणाचं जिकडेतिकडे कौतुक चाललं होतं. दुसरी आवृत्ती निघाली, तिसरी निघाली. गफूरला त्याच्या मोहल्ल्यात लोक तोंडावर विचारतात — म्हातारीला लाथाडणारा तूच का? — हे माझ्या कानावर आलं. मी गप्प बसलो. मायला सगळं सोडून त्या शिपायाचीच काळजी. दर आवृत्तीला विचारायची, "काढलंस का रं?" काढलं, म्हणायचो. तिला कुठं वाचता येत होतं? आणि पुतणीला मी डोळ्यांनी दटावून ठेवलं होतं.

माय त्याच भरवशावर गेली. गफूर आहे की नाही, ठाऊक नाही. शोधायला निघायची छाती मला कधी झाली नाही.

आता नवी आवृत्ती छापायला जातेय. ते प्रकरण मी माझ्या हातानं खोडलंय. त्या जागी एवढंच लिहिलंय — गफूर शिपाई मला दोनदा बोलवायला आला. मला ताप नव्हता. मी गेलो नाही.