बाळ येशूचा स्वेटर

नाताळच्या गोठ्याची पेटी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि लखनौतलं आमचं पहिलं वर्ष आठवतं. आईने वसईच्या सवयीने बाळ येशूला नुसत्या लंगोटीवर गवतात निजवलं होतं. शेजारच्या अम्मा गोठा बघायला आल्या आणि आईवरच कडाडल्या, “ऐसी ठंड में बच्चे को कोई ऐसे सुलाता है?” तडक घरी जाऊन त्यांनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा, त्यांच्या लड्डूगोपालचा, लाल स्वेटर आणला आणि येशूला चढवला. तेवढ्यात फादर दारात! आईच्या तोंडचं पाणी पळालं. फादर गोठ्यापुढे वाकले, स्वेटर नीट निरखला, मग गंभीरपणे म्हणाले, “अम्माजी, जोसेफ भी तो काँप रहे हैं।” आता अम्मा नाहीत, पण पेटीत गाढवाचासुद्धा स्वेटर आहे.