होडीच्या तळातला थर्माकोल

आम्ही राहतो विश्रांतवाडीत, पण पोट नदीवर. नवरा बुडालेली माणसं काढायचा. कुणी पुलावरून उडी टाकली की त्यालाच बोलावणं यायचं. बंधाऱ्याखालच्या डोहात एक जुना साकव पडलेला आहे. त्याच्या लोखंडी सळ्या तळाशी अजून उभ्या आहेत. एका बाईला काढायला उतरला तेव्हा त्याच्या कमरेची दोरी त्या सळ्यांत अडकली. दोरीचं दुसरं टोक वर होडीत माझ्या हातात होतं. मी ओढत राहिले. ओढायला नको होतं, सैल सोडायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढे मुलगा तेच काम करायला लागला. नको म्हणून ऐकणारा तो नाही. मी एकच अट घातली, तळ बघितल्याशिवाय उतरायचं नाही. आमच्या नदीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, तळ कुठला दिसायला? म्हणून त्याने मशीन आणलं. एक छोटा पडदा, आणि त्याला वायरने जोडलेला साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. तो ठोकळा पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो, आणि त्यावरून पडद्यावर तळ उमटतो. दुकानदार त्याला ट्रान्सड्यूसर म्हणाला. आम्ही ठोकळाच म्हणतो.

तो लावायचा कुठे, यावरून घरात दोन दिवस वाद झाला. मुलगा म्हणाला, "बाहेर लावला तर जलपर्णीची मुळं त्याला ओढून नेतील. आपली होडी फायबरची आहे. फायबरमधून आवाज जातो. आतून तळाला चिकटवू."

त्याने होडीतली जमीन घासली, ठोकळा चिकटवला आणि सकाळी आम्ही डोहात गेलो. इंजिन माझ्याकडे असतं. पडद्यावर एक सरळ रेघ आली.

"बघ आई, तळ साफ आहे. सळ्या पुरात गेल्या वाटतं."

तो खूश झाला. मी होडी काठाला आणली. तिथे गुडघाभर पाणी, तरी रेघ तीच.

"हुशार आहे हो तुझं मशीन," मी म्हणाले. "एकदाच रेघ मारली आणि बसलं. उगाच जिवाला त्रास नाही."

परत डोहात जाऊन मी दोरीला धोंडा बांधून सोडला. धोंडा लोखंडावर आपटला की हाताला कळतं. दोनदा कळलं. सळ्या तिथेच होत्या. मुलगा त्या रेघेवर विसंबून उतरला असता तर बापाच्या शेजारी गेला असता.

तेव्हा मला थर्माकोल आठवला. ही होडी घेतली त्या वर्षी विसर्जनानंतर लोकांनी मखरं नदीकाठी फेकली होती. नवऱ्याने आणि मी ती गोळा केली, तुकडे केले, तळावर ठासून भरले आणि वरून दुसरा पत्रा बसवला, फायबरचाच. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून. म्हणजे मुलाने ठोकळा चिकटवला होता तो वरच्या पत्र्याला. खाली वीतभर थर्माकोल. त्यातून आवाज जाईल कसा?

"आधी सांगायचंस ना!" तो ओरडला.

"मला विचारलंस कधी? मोबाइलला विचारलंस."

मग जागा मी ठरवली. मागे इंजिनजवळ नको, पंखा पाणी घुसळून बुडबुडे करतो. पुढे नको, तिथे होडी पाण्यावर आपटते. मी होडी हळू चालवली आणि मुलाला दोन्ही अंगांनी गव्हाचा कोंडा टाकायला लावला. उजवीकडे, मधल्या फळीच्या जरा मागे, कोंडा न फिरता सरळ निघून गेला, म्हणजे तिथे पाणी घुसळत नव्हतं. तिथे बांबू उभा बांधला, नवऱ्याचा पाणी मोजायचा. बांबू चांगला होता म्हणून घेतला, दुसरं काही नाही. टोकाला ठोकळा, होडीच्या तळाखाली चार बोटं, तोंड सरळ खाली. जलपर्णी आली की बांबू वर उचलायचा.

पुन्हा डोहात गेलो. पडद्यावर पाच काड्या उभ्या राहिल्या. इतकी वर्षं नुसतं हाताला कळलेलं होतं ते, आता डोळ्यांनी बघितलं.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. एका माणसाने पुलावरून उडी टाकली होती. त्याची बायको काठावर बसून होती. डोहात आलो तर काड्यांच्या मध्ये एक जाड डाग दिसला. मागच्या खेपेला तो डाग नव्हता. मुलाने शर्ट काढला.

"कुठे चाललास?"

"चौथी आणि पाचवीच्या मधून वाट आहे. दिसतेय बघ."

"गळ टाक. वरून ओढू."

"गळाने अंग फाटेल त्याचं, आई. तिकडे ती बसली आहे. आणि तळ बघून उतरायचं, तूच म्हणाली होतीस. बघितला की."

अट माझी, जागा मी शोधलेली, बांबू मी बांधलेला. आंधळा होता तोवर घाबरत तरी होता. त्याने दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही. इंजिन सुरू केलं आणि होडी काठाकडे वळवली.

"आई, वळवू नको!"

"तो मेलाय. तू नाहीस."

काठावरच्या बाईने आमच्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो माणूस आपोआप वर आला, येतातच. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता बोलतो. पण त्या मशीनमध्ये जागेवर खूण करून ठेवता येते. काल पडदा पुसताना मला डोहावर एक खूण दिसली, चौथ्या आणि पाचव्या काडीच्या मधोमध. आणि दोरी धरायला आता तो दुसरं माणूस शोधतो आहे.