तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी

"पाणी दोन फूट कमी आहे," तन्वी लॅपटॉपमधून म्हणाली.

सकाळचे आठ वाजले होते. गोव्यात पेडण्याला आमच्या गावच्या बांधावर आम्ही चाळीस माणसं उन्हात उभी, आणि तन्वी मुंबईत एसीत बसून आम्हाला पाणी मोजून दाखवत होती. ती स्टुडिओची. तिच्या स्क्रीनवर एका बाजूला आमचा कॅमेरा, दुसऱ्या बाजूला जुन्या कार्टूनचं चित्र. याला रेफरन्स फ्रेम म्हणतात. गाजलेल्या कार्टूनपटाचा खरी माणसं घेऊन रिमेक करायचा, तर लोकांचे आवडते सीन तंतोतंत तसेच दिसले पाहिजेत, असा स्टुडिओचा हुकूम. या सीनमध्ये लाकडी दार उघडतं, पाणमांजर नदीतून पोहत आत येतं, मुलगी आनंदाने नाचते. दाराशी आतल्या बाजूला पायऱ्या, पाणी वरून तिसऱ्या पायरीला टेकलेलं. आमचं पाचवीच्याही खाली होतं. पाणमांजर कॉम्प्युटरवर होणार होतं, म्हणून त्याच्या जागी काठीला हिरवा चेंडू. ते चालतं. पाणी मात्र खरं हवं!

मी लोकेशन मॅनेजर. जागा शोधायची, गावाची परवानगी काढायची, गाड्या कुठे लावायच्या, संडास कुठे, ते बघायचं, आणि कुणाचं डोकं फिरलं की बोलणी खायची. बावीस वर्षं खातेय. पण कार्टूनमध्ये होतं तेवढं पाणी इथे का नाही, याचा जाब मला त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला.

डायरेक्टर समीर. त्याचा पहिला सिनेमा याच बांधावर झाला होता. नऊ माणसांचं युनिट, जेवण गावातल्या पुंडलीकबाबांच्या घरी. एका संध्याकाळच्या पाण्यासाठी हा माणूस तेव्हा एकोणीस दिवस थांबला. तो शॉट परदेशात गाजला, बक्षिसं मिळाली, आणि त्या बक्षिसांकडे बघून स्टुडिओने त्याला हा रिमेक दिला. आमचं दार कार्टूनमधल्या दारासारखं दिसतं, म्हणून लोकेशनही तेच.

ते दार म्हणजे आमची मानस. बांधात बसवलेलं लाकडी दार. ओहोटीला आतलं जादा पाणी नदीत सोडतं, भरती आली की मिटतं. बाहेर खारं पाणी, आत भातशेती. पुंडलीकबाब ही मानस सांभाळतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील सांभाळायचे. आणि त्या दिवशी आत भात पिकून पिवळंधमक उभं होतं, कापणीला आठ दिवस.

"उषाताई, सिंपल आहे," तन्वी म्हणाली. "भरतीला गेट उघडा, पाणी आत घ्या, दोन तासांत शूट करू, मग पंपाने बाहेर."

"तन्वी, ते खारं पाणी आहे. भात मरेल."

"भरपाई देऊ ना."

पुंडलीकबाब माझ्या मागेच उभे होते. लॅपटॉपशी कसं बोलायचं हे त्यांना कळेना, म्हणून माझ्याशीच बोलले. "गो बाय, भाताची भरपाई देतली. ह्याच भातातलां बियाणां ठेवतंव, तेची कोण देतलो? फुडल्या वर्साक मी थंय काय मीठ पेरू?"

मी त्याचं शुद्ध मराठी केलं. तन्वी म्हणाली, "ओके, पण शॉटचं काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

बरं, उपाय सोपा होता. कापणी झाली की गाव स्वतःच मानस उघडतं. खारं पाणी आत घेतात, त्यात मासळी, कोळंबी वाढते, आणि राहिलेलं मीठ पुढच्या पावसात धुऊन जातं. पुंडलीकबाब म्हणाले, "पंदरा दीस रावात. पाणी आपसूक येतला." पंधरा दिवस! ज्या माणसाला थांबण्यासाठी बक्षिसं मिळाली, त्याला पंधरा दिवस काय जड? मी समीरकडे पाहिलं. तो फोनमध्ये बघत होता.

"उषा, रिलीजची तारीख पोस्टरवर गेलीय," तो म्हणाला. "तू समजाव ना त्यांना. तुझं ऐकतात."

ऐकतात, कारण मी खोटं बोलत नाही. देवळाच्या मंडपात सगळ्या गावासमोर मी शब्द दिला होता, दाराला हात लागणार नाही. तेव्हा समीर माझ्या बाजूला मांडी घालून बसला होता, मान हलवत. शब्द माझा, मान त्याची. उद्या भात गेलं असतं, तर त्या मंडपात मला पुन्हा कोणी पाऊल टाकू दिलं नसतं. आणि का टाकू द्यावं?

"मी नाही समजावणार," मी सांगितलं.

तन्वीने ऐकवलं की मग दुसरा लोकेशन मॅनेजर बघावा लागेल. म्हटलं, खुशाल बघ, आणि त्याला पोहायला येतं का तेही विचार.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला पोचले, तर सेट उभारणारी चार माणसं दोरखंड घेऊन मानशीजवळ उभी. दार वर ओढा, असं त्यांना परस्पर सांगितलेलं. त्यातले कोल्हापूरचे शिवाजीराव मला बघून म्हणाले, "मॅडम, आम्ही दार ओढू, पण ते उठंनात."

ते म्हणजे पुंडलीकबाब. मानशीच्या आडव्या फळीवर बसले होते, शेजारी पेजेचा डबा. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात समीर आला. "काका, फक्त दोन तास."

पुंडलीकबाबांनी डब्याचं झाकण लावलं. "आदल्या खेपेक तू हंयच, माज्या बगलेक, एकोणीस दीस बसललंय. तेवां कोण नाय होतो तुज्या फाटल्यान. आता ह्ये इतके जाण घेवन इलंय आनि दोन तासांची घाय?"

समीर मग त्यांच्या शेजारी फळीवर बसला. लॅपटॉपमधून तन्वी "हॅलो, हॅलो" करत होती. मला त्याचा राग आला होता, खरंच, पण त्याचा चेहरा बघून कीवही आली. थोड्या वेळाने उठून म्हणाला, "आहे त्या पाण्यात घ्या. दार बंदच राहू दे. बाकीचं कॉम्प्युटरवर भरतील."

शॉट झाला. समीर आणि तन्वी, दोघांचा आवाज चढेपर्यंत फोन झाले, आणि त्याची झळ मलाही लागली. त्या स्टुडिओने मला पुन्हा बोलावलेलं नाही.

पंधरा दिवसांनी भात घरात आलं. गावाने मानस उघडली. पाणी आलं आणि बरोबर तिसऱ्या पायरीला टेकलं. मी फोटो काढून समीरला पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी पुंडलीकबाबांना पणजीला घेऊन गेले. तो सीन आला. कॉम्प्युटरने दार सताड उघडलेलं, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत, मागे आमचं पिवळं भात वाऱ्यावर डोलतंय, मुलगी नाचतेय, गाणं जोरात. थिएटरमध्ये पोरं टाळ्या वाजवत होती. पुंडलीकबाब खुर्चीतून अर्धे उठले आणि माझा हात घट्ट धरला.

"दार उगडां आसा गो! भात गेलां!"

"नाही हो बाब, ते खोटं आहे. भात तुम्ही कापलंत."

ते बसले, पण गाणं संपेपर्यंत हात सोडला नाही.

आता नवा डायरेक्टर आला की लोकेशन दाखवण्याआधी मी एकच विचारते, थांबता येतं का? हो म्हणाला तर गाडी काढते.